जरा लांब दुपटं

नाशिकरोड,
६ फेब्रुवारी २०२३

चि. विहंगराव,

संध्याकाळी तुम्ही आलात की तुमच्यासमोर हे बोलायला मला जमणार नाही. रडू येईल, आणि बाळंतिणीच्या खोलीत रडायचं नसतं. म्हणून चिठ्ठी. वाचा आणि फाडून टाका.

डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंच. बाळाचे दोन्ही पाय आत वळलेत, टाचा वर चढल्यात. हजारात एखादं बाळ असं येतं, कुणाची चूक नसते. येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी नवं प्लास्टर, पार मांडीपासून बोटांपर्यंत. अशी पाच-सहा झाली की टाचेमागची ताठ शीर सोडवायची, शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवायचं आणि मग पट्टीचे बूट. सगळं वेळेवर केलं तर मूल पळेल म्हणाले. ते मी करणार आहे, त्याची काळजी तुम्ही करू नका. माझं मागणं एवढंच की पाय सरळ होईपर्यंत त्र्यंबकला कळू द्यायचं नाही.

"आई तशी नाही," असं तुम्ही काल म्हणालात. मुलाला कुठलीच आई तशी वाटत नाही. दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, आठवतं? तुमच्या आईंनी तुमच्याच हाती चिठ्ठी धाडली होती, आभाने काही कापू नये, शिवू नये, स्वस्थ बसावं. मी उलट लिहिलं, ती देवापुढे बसली आहे. ती बसली होती माझ्यापुढे, कात्री घेऊन. माझ्या जुन्या सुती साड्या आम्ही दुपट्यांसाठी कापत होतो आणि तुमच्या आईंच्या चिठ्ठीला हसत होतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आभाचे बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं होते; ग्रहण म्हटलं की आम्ही काळी काच घेऊन गच्चीवर जायचो. तरी परवा बाळाचे पाय उघडे पाहिले आणि मला पहिली आठवली ती कात्री. मला आठवली, मग त्यांना आठवणार नाही? तुमच्या घरी दोषाच्या शांती करायला लोक कुठून कुठून येतात. घरच्याच नातवाचे पाय असे, म्हटल्यावर आभाला त्या घरात मान वर करता येईल का?

बारशाला, तेरा तारखेला, पहिलं प्लास्टर पायांवर असेल. मी दुपटं जरा लांब शिवतेय. दुपट्यातल्या बाळाचे पाय कुणी बघायला मागत नाही.

तुमची,
आई (नाशिकरोडची)

*

त्र्यंबकेश्वर,
१६ फेब्रुवारी २०२३

संध्याताई,

बारसं देखणं झालं. पुरणपोळी तुमच्या हातची, ते सांगायला नकोच. नातवाचं नाव आयुष ठेवलं तेही मनासारखं. मी मुद्दाम पत्र लिहिते आहे, कारण फोन लागला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि समोरचं माणूस ओरडतं. विहंग रोज सातपूरला कंपनीत येतोच. तिथून नाशिकरोडचा फेरा त्याला जड नाही. टपालखातं घरचंच आहे.

परवा महाशिवरात्र. घरात तेरा यजमान उतरलेत, त्यामुळे इतक्यात माझं येणं होत नाही. म्हणून दोन गोष्टी पत्रातच विचारते. मी आणलेले चांदीचे वाळे तुम्ही माझ्या हातातून घेतलेत आणि "नंतर घालते" म्हणालात. घातले का? पायांना बसतात का? लहान होत असतील तर सोनार आमचाच आहे, वाढवून देईल.

दुसरं असं, की बाळ मांडीवर घेतलं तेव्हा अंगापेक्षा भारी लागलं. पाळण्यात घालताना कसला तरी आवाज झाला असावा, सगळ्या बायका वळल्या. तुम्ही "खुळखुळा आहे" म्हणालात, असं मला ओठांवरून वाटलं.

मी सत्तावीस वर्षं मराठी शाळेत मुलं सांभाळलीत. मूल काही लपवत असलं की दप्तर पोटाशी धरतं. आपण विचारायचं नसतं, जवळ बसायचं असतं. मला तुमच्याजवळ येऊन बसता येत नाही एवढंच वाईट वाटतं.

सरोजिनी

*

नाशिकरोड,
२४ फेब्रुवारी २०२३

सरोजिनीताईंना नमस्कार.

शिवरात्रीची गर्दी टीव्हीवर पाहिली, तेव्हा तुमचीच आठवण झाली. एवढ्या माणसांचं तुम्ही करता कसं कोण जाणे.

वाळे छान बसले. माप अगदी बरोबर आहे, सोनाराला सांगा. पाय झाडले की वाजतात, आणि तो दिवसभर झाडतच असतो. वजनाचं म्हणाल तर ते माझ्या डिंकाच्या लाडवांचं आहे. आभा खाते, बाळाच्या अंगी लागतं. आणि तो खुळखुळाच होता.

आंघोळ, तेल, शेक सगळं रीतसर चाललंय. तुम्ही मुळीच काळजी करू नका. मी आणखी तीन दुपटी शिवायला घेतली आहेत, तुमच्या घरी येताना सोबत देईन. थंडी आहे म्हणून जरा लांब शिवते आहे.

संध्या

*

त्र्यंबकेश्वर,
७ मार्च २०२३

संध्याताई,

वाळे वाजतात हे वाचून आनंद झाला. मला ऐकू येत नाही, तेव्हा तुम्ही ऐकताय तेवढं पुरे.

आज उगाच आमच्या कुसुमवन्संची आठवण आली. यांच्या थोरल्या बहीण. तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत, आठ वर्षं झाली त्यांना जाऊन. जन्मापासून त्यांचे दोन्ही पाय आत वळलेले होते. पावलांच्या कडांवर चालायच्या. लग्न झालं नाही. यजमानांच्या पंगती बसल्या की त्यांनी माजघरातून बाहेर यायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. आत बसून त्या शंभर माणसांच्या पुऱ्या लाटायच्या.

तेव्हा काही उपाय नव्हते. आता सगळ्यावर उपाय आहेत म्हणतात. बाळाच्या पायांना तेल कोण लावतं, तुम्ही का बाई ठेवली आहे? आणि आभा कधी येणार? तिची खोली रंगवून ठेवली आहे.

सरोजिनी

*

नाशिकरोड,
१० मार्च २०२३

विहंगराव,

तुमच्या आईंचं पत्र सोबत परत देते आहे, तुम्हीही वाचा. आतापर्यंत तुम्ही मला सांगितलं नव्हतं की तुमच्या घरात एक आत्या अशीच होती! म्हणजे हे आलंय तुमच्याकडूनच, आणि मी महिनाभर त्या कात्रीला शिव्या देत बसले.

पण ते जाऊ द्या. या पत्राचा अर्थ कळतो का तुम्हाला? यांना कसला तरी संशय आलाय. आणि त्या मला सांगताहेत, की असं मूल आमच्या घरी जन्मलं तर आम्ही त्याला माजघरात ठेवतो. एवढं गोड लिहून माणसाच्या गळ्याला हात घालायची कला शाळेत शिकवतात वाटतं. आता तर मी मुळीच सांगणार नाही.

काल पाचवं प्लास्टर झालं. आभा आत येत नाही, बाहेर बाकावर बसते. धरायला मीच असते. आयुषला माझ्या मांडीवर आडवा घेते, बाटलीतलं दूध तोंडात, डॉक्टर पाऊल वळवून धरतात आणि मी गुडघा हलू देत नाही. ओलं प्लास्टर गरम व्हायला लागलं की तो दचकून माझं बोट पकडतो. घरी आलं की त्या जड पायांखाली उशी द्यायची, ते लोंबकळू द्यायचे नाहीत. तासा-दोन तासांनी अंगठा दाबून बघायचा, पांढरा होऊन पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. लंगोट असा बांधायचा की मांडीपाशी ओल जाता कामा नये. आंघोळ नाही, नुसतं ओल्या फडक्याने पुसणं. गुरुवारी सकाळी जुनं प्लास्टर पाण्यात भिजवून सोडते तेव्हा नवं चढेपर्यंत पाय मोकळे असतात. तेवढा वेळ मी ते पाय हातात घेऊन बसते. दर आठवड्याला थोडे सरळ झालेले असतात, माझ्या डोळ्यांदेखत.

हे सगळं तुमच्या आईंनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटतं. मग त्यांचं पत्र पुन्हा वाचते.

आई

*

(आभाच्या ट्रंकेत ठेवलेली चिठ्ठी)

२१ एप्रिल २०२३

आभा,

उद्या अक्षय्य तृतीया. आणखी थांबवायला मला निमित्त उरलं नाही. जा, आणि मान वर ठेवून राहा. पाय आता इतके सरळ आहेत की कुणाला सांगूनही पटणार नाही.

बूट ट्रंकेच्या तळाशी आहेत, निळ्या दुपट्यात. दोन बूट आणि मधली पट्टी, असंच गुंडाळून ठेव. डॉक्टर म्हणतात तीन महिने दिवसाचे तेवीस तास घालायचे, नाहीतर पाय परत फिरतात. पण डॉक्टरांना त्र्यंबकला सासर नाही. दिवसा माणसांची ये-जा, तेव्हा काढून ठेव. रात्री दार लावलंस की घाल. सलग नऊ-दहा तास झाले तरी पुष्कळ आहेत. सरळ झालेला पाय एवढ्यात कुठे पळून जात नाही. एकदा चालायला लागला की मग सांगू सगळ्यांना, हसत हसत.

तुझी आई

*

त्र्यंबकेश्वर,
३ मे २०२३

संध्याताई,

आयुषला घरी येऊन दहा दिवस झाले, आज लिहायला सवड मिळाली. आल्या दिवशी मी त्याला पलंगावर ठेवलं, दुपटं सोडलं आणि दोन्ही पावलं हातात घेतली. दोन्ही सरळ! टाचा खाली, बोटं पुढे. मी किती वेळ तशीच बसले होते ते मला सांगता यायचं नाही. आभा दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती, तिचा चेहरा का उतरला होता ते मात्र कळलं नाही.

वाळे मी माझ्या हाताने घातले. तुम्ही लिहिलं होतंत त्याहूनही छान बसले.

तुम्ही काय केलंत, कसं केलंत, मी विचारणार नाही. विचारायची वेळ गेली. पण एका आजीने दुसऱ्या आजीला शाबासकी द्यायची असते, ती घ्या. आता मी रोज सकाळी तेल लावते आणि रोज म्हणते, "किती सरळ पाय माझ्या राजाचे."

सरोजिनी

*

नाशिकरोड,
१० मे २०२३

सरोजिनीताई,

तुमचं पत्र वाचून डोळे भरले. काय लिहू?

एक विनंती आहे. आयुषची साडेतीन महिन्यांची लस राहिली आहे. आमच्या डॉक्टरांकडेच टोचायची होती. दोन दिवसांसाठी दोघांना पाठवाल का? येत्या गुरुवारी आले तर बरं.

संध्या

*

त्र्यंबकेश्वर,
१२ मे २०२३

संध्याताई,

तुमची चिठ्ठी मिळाली आणि मी लगेच आयुषला इथल्या सरकारी दवाखान्यात नेऊन लस टोचून आणली. अजिबात रडला नाही. या उन्हात लेकराला कशाला हिंडवायचं? तुमचं काम वाचवलं.

सरोजिनी

*

त्र्यंबकेश्वर,
८ जुलै २०२३

संध्याताई,

आज इकडचं तिकडचं लिहीत नाही, सरळ मजकुरावर येते.

गेले पंधरा दिवस तेल लावताना आयुषची उजवी टाच माझ्या मुठीत येईना. आधी वाटलं, बाळ वाढतंय. मग डावीही येईना. कुसुमवन्संना शेवटी वाकता येत नव्हतं तेव्हा बारा वर्षं मी त्यांच्या पायांना तेल लावलंय. माझ्या हातांना त्या टाचेची ओळख आहे.

मी आभाला समोर बसवलं आणि विचारलं. ती रडली नाही. तिने ट्रंक उघडली, निळं दुपटं सोडलं. आतल्या बुटांचं कातडं अजून करकरीत होतं. पहिले दोन आठवडे तिने ते रात्री घातले. आयुष रडायचा. शेजारच्या खोलीत यजमान झोपलेले, यांना पहाटे स्नानाला उठायचं, कुणी येऊन दार वाजवलं तर काय सांगायचं म्हणून ती काढून ठेवायची. मग एक दिवसाआड. मग नाहीच. मी म्हटलं, "अगं, पण नाहीच का?" तर म्हणाली, "तुम्ही रोज म्हणायचात ना, किती सरळ पाय. मलाही तसंच दिसायला लागलं."

परवा गुरुवारी तिघं मिळून तुमच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बूट किती तास घातले?" आभा भिंतीकडे बघत होती. विहंग फरशीकडे. मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही, लिहून द्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं. पुन्हा पहिल्यापासून. येत्या गुरुवारी प्लास्टर. शीर कदाचित पुन्हा सोडवावी लागेल. आता तो मोठा झालाय, पाय झाडतो, पालथा पडायला लागलाय. या खेपेला त्याला सगळं कळणार.

आता माझं ऐका. तुम्ही ज्याला खुळखुळा म्हणालात ते मला बारशालाच कळलं होतं. कान गेलेत माझे, मांडी शाबूत आहे. दुपट्यातून त्याचा गुडघा काटकोनात लागला आणि खाली दगडासारखं कठीण. तेव्हाच म्हटलं, उपाय चाललाय, देव पावला. मी वाळ्यांचं विचारलं, तेलाचं विचारलं, कुसुमवन्संचं सगळं लिहिलं. तुम्ही "वाळे वाजतात" असं कळवलंत. मांडीपर्यंत प्लास्टर असलेल्या मुलाचे वाळे! मग तो आला, पाय मोकळे होते, मला वाटलं सगळं पार पडलं. बूट असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला कळलं असतं तर ते बूट मी चोवीस तास घातले असते, देवळाच्या दारात बसून.

सरोजिनी

*

नाशिकरोड,
१२ जुलै २०२३

सरोजिनीताई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. आभाला फोन केला तर ती उचलत नाही. विहंगरावांनी पत्र दिलं आणि गाडी बंद न करता निघून गेले.

चूक माझी आहे. मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. "रात्री दहा तास पुष्कळ" हे माझेच शब्द, डॉक्टरांचे नव्हेत. साडीच्या कापडात दोन इंच कमी पडलं तर कुठेतरी चुणी घालून जमवून नेता येतं, माझा जन्म त्यात गेला. पायाचंही तसंच जमेल असं वाटलं मला.

दिवाळीच्या ग्रहणात आभा देवापुढे बसली नव्हती. ती माझ्याबरोबर साड्या कापत होती. तुमच्याकडची सगळी दुपटी त्याच साड्यांची आहेत. हे तुम्हाला कळलं तर तुम्ही जन्मभर तिला बोल लावाल, या भीतीपायी मी हे केलं. लिहून टाकलं. आता लावा बोल, मला लावा.

पण एक विचारते, आणि त्याचं उत्तर मला हवं आहे. तुम्हाला बारशापासून माहीत होतं. मग तुम्ही का नाही बोललात? नातवाला मांडीवर घेऊन तुम्हाला प्लास्टर लागलं, आणि तुम्ही मला वाळ्यांचं माप विचारत बसलात? एका ओळीने काम झालं असतं. "संध्याताई, मला कळलंय." एवढंच. मी त्याच संध्याकाळी रडून सगळं सांगितलं असतं. मी भीतीने गप्प राहिले. तुम्ही कशासाठी राहिलात? मला खोटं बोलताना बघायला?

काल आभाला भेटायला त्र्यंबकला यायला निघाले होते. चप्पल घातली आणि परत काढली. उद्या त्याला धरणार कोण? त्याला डाव्या कुशीवर घ्यायला लागतं, तोंड आपल्याकडे करून. तुमच्या बोटाला धरेल, धरू द्या. हे तरी कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं.

संध्या

*

त्र्यंबकेश्वर,
२२ जुलै २०२३

संध्याताई,

दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर लिहायचं होतं.

आधी ग्रहणाचं. कुसुमवन्सं जन्मल्या तेव्हा माझ्या आजेसासूबाईंनी त्या सालचं पंचांग पानन् पान चाळलं होतं. नऊ महिन्यांत इथे दिसणारं एकही ग्रहण निघालं नाही. तरी सासूबाईंना जन्मभर ऐकावं लागलं, आणि त्यांनी तो सगळा राग वन्संवर काढला. ही गोष्ट मला वन्संनीच सांगितली, पुऱ्या लाटता लाटता. माझा त्या कात्रीवर विश्वास असता तर मी आधी सासूबाईंना जाब विचारला असता. मग आभाला चिठ्ठी का धाडली म्हणाल, तर रीत म्हणून. मी धाडली नसती तर तुम्हीच म्हणाला असतात, यांना सुनेची काळजी नाही.

यांना मी पहिल्या प्लास्टरच्या आदल्या दिवशी सांगितलं. फक्त एवढंच म्हटलं, "कुसुमताईंसारखे." हे शांतीच्या तयारीत होते. दर्भ तसेच खाली ठेवले, आत आले, आयुषच्या पाळण्यापाशी बसले. मग विचारलं, "प्लास्टरला धरणार कोण?" या घरात उठलेला प्रश्न तेवढाच. ज्याला तुम्ही सहा महिने भ्यालात ते हे घर.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी का बोलले नाही?

पत्रात मी मोठेपणा मिरवला, की जवळ बसायचं असतं, विचारायचं नसतं. ते शाळेतल्या मुलांसाठी खरं असेल. तुमच्या बाबतीत खरं वेगळं होतं. विहंगच्या लग्नात होमाच्या वेळी तुम्ही तुमच्या बहिणीच्या कानाला लागून म्हणालात, "या लोकांचा धंदाच भीतीवर चालतो." मला ऐकू येत नव्हतं, पण तुमचे ओठ मला समोरून दिसत होते. त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही माझ्या भीतीने मुलाच्या पायांवरून दुपटं ओढत होतात. मला ते आवडलं, संध्याताई. तुमचं "वाळे वाजतात" मी दोनदा वाचलं आणि घडी घालून पोथीत ठेवलं. म्हटलं, बघू किती दिवस बोलते खोटं. एक ना एक दिवस स्वतःच्या तोंडाने सांगायला येईल, आणि मग मी म्हणेन, मला माहीत होतं. त्या एका वाक्याची मी चव घेत बसले होते. ते वाक्य मला मागच्या पत्रात लिहायला मिळालं. घास तोंडात घेतला आणि त्याला काही चव नव्हती.

तेव्हा हिशेब लावत बसू नका, कुणाची चूक किती. मला पाय दिसत नव्हते, मला तुम्ही दिसत होतात. तुम्हाला मी दिसत होते. पाय कुणीच बघत नव्हतं.

दोन गुरुवार झाले. धरते मी. पहिल्या खेपेला मला जमलं नाही, तुमचं पत्र बटव्यात होतं ते काढून विहंगने माझ्या डोळ्यांसमोर धरलं, ते वाचून मग डाव्या कुशीवर घेतला. त्याने बोट धरलं, पण मधेच सोडून मागे बघितलं. तिकडे भिंत होती. पाच महिन्यांचं मूल काय शोधतं हे मी सांगू शकत नाही, पण मला वाटलं तो तुम्हाला शोधत होता. मला त्याचाही राग आला, हेही लिहून ठेवते.

आभा बाहेर बाकावर बसते. ती माझ्याशी बोलत नाही. तुमचा फोन उचलत नाही ती माझ्याबरोबर जेवतही नाही, वाढून घेते आणि खोलीत नेते. ती दोघींनाही सोडणार नाही आणि तिने सोडू नये. काल ती एकच वाक्य बोलली, प्लास्टर सुकताना बोटं तपासत होती तेव्हा. म्हणाली, "आई काय आणि तुम्ही काय, दोघींनी मिळून माझ्या मुलाला छान सांभाळलंत." मी ते ओठांवरून वाचलं. चुकीचं वाचलं असेल अशी आशा करायला जागा नव्हती.

वाळे काढून ठेवलेत. आयुषचे पाय मोकळे होतील तेव्हा ते त्याला होणार नाहीत. मोडून मोठे करून घ्यायचं मला सुचलं, पण सोनाराकडे जावंसं वाटत नाही.

सध्या अधिक महिना आहे. तुम्ही जावयाला वाण द्यायच्या तयारीत असाल, तेहतीस अनारसे वगैरे. नका देऊ. सहा महिने दोन्हीकडचं खोटं पोचवण्यापलीकडे त्याने काही केलेलं नाही. आणि मी त्याला जन्माला घातलंय, म्हणून हे लिहायचा हक्क मला आहे.

येत्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी साडेनऊला प्लास्टर आहे. तुम्ही या. आभाने बोलावलेलं नाही, मी बोलावते आहे. एका आजीने धरायचं, एकीने दूध पाजायचं, कोणी काय करायचं ते तिथे ठरवू. भांडण झालं तर तेही तिथेच, सगळ्यांसमोर होऊ दे. परत येताना आपण त्याला गावातून प्लास्टरचे पाय उघडे ठेवून आणणार आहोत, रिक्षातून, देवळासमोरून, सगळ्या यजमानांच्या देखत.

दुपटं आणू नका.

सरोजिनी